काच चढेना? पॉवर विंडोची मोटर घरी बदलण्यापूर्वी हे वाचा

आमच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर मोटर मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी एकच विचारतो: बटण दाबल्यावर दारातून आवाज येतो का? घरघर ऐकू येत असेल आणि काच जागची हलत नसेल, तर मोटर फिरते आहे. तुटली असेल ती बहुधा रेग्युलेटरची (मोटरच्या जोरावर काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची) केबल किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप. अशा वेळी नुसती मोटर घेऊन पैसे घालवू नका.

आवाजच येत नसेल तर पहिल्यांदा फ्यूज बघा. चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर चार मोटरी एका दिवशी जळत नाहीत. दोष फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा ड्रायव्हरकडच्या मुख्य स्विचमध्ये शोधा. मागची काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते, पण त्याच दारातल्या बटणाने चालत नाही, तर आधी ड्रायव्हरकडचे विंडो लॉकचे बटण दाबलेले नाही ना ते बघा. नसेल तर बहुधा तेवढे बटणच बदलावे लागते. दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरही सततच्या उघडझापीने आतल्या आत तुटतात. बटण दाबून ठेवून दार हळूहळू उघडमीट करा. मध्येच काच हलली तर वायर तपासा.

काच थोडी चढून थांबते आणि काही मिनिटांनी परत चालते? बहुतेक मोटरींमध्ये जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय असते. अशा वेळी काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचा साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, कारण कोरड्या, धुळीने भरलेल्या रबरात काच जड जाते आणि मोटर दमते. इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगते.

एवढे करूनही उपयोग झाला नाही तर दार उघडावे लागेल. हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढा, छोट्या झाकणांखालचे विसरू नका. मग पॅनेल खालच्या कडेपासून क्लिपांतून सोडवा. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, हे आमचे कळकळीचे सांगणे आहे. काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी तोच अडवतो आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जाऊ देतो. कागद फाटला की पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचे मॅटिंग भिजते. ती छिद्रेही मोकळी करून घ्या.

मोटरला दोनच वायर असतील तर कपलर (वायरींचा जोड) काढून त्याच्या वायरींकडच्या टोकाला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे मीटर) लावा. बटण वर दाबताना साधारण १२ व्होल्ट आणि खाली दाबताना तेवढेच उलट चिन्हाने दिसायला हवेत. वीज पोचते आणि मोटर गप्प आहे, तर ती खरोखर गेली. जास्त वायर असलेल्या मोटरीत इलेक्ट्रॉनिक्स असते. तिथे ही चाचणी पुरेशी नाही.

आता सर्वांत जपायची गोष्ट. मोटरमधला वर्म गिअरच (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) काचेला खाली घसरू देत नाही. मोटर सुटली की तो आधार जातो. म्हणून काच शक्यतो वर नेऊन रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. रेग्युलेटर कात्रीसारख्या पात्यांचा असेल आणि त्याला गुंडाळलेली स्प्रिंग असेल, तर पाते बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडल्याशिवाय मोटरीचा एकही बोल्ट ढिला करू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली की पाते फटकन फिरते आणि बोटे चेचली जातात. स्प्रिंग आहे की नाही हे कळत नसेल तर काम तिथेच थांबवून गाडी मेकॅनिककडे न्या. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

केबलच्या रेग्युलेटरमध्ये स्प्रिंगचा हा धोका नसतो, पण ड्रमवरून (केबल गुंडाळणाऱ्या चाकावरून) केबल निसटली तर ती परत बसवणे कठीण जाते. केबलचे तंतू सुटू लागले असतील तर मोटरसकट पूर्ण सेट घेणे परवडते.

पॅनेल बसवण्याआधी बॅटरी आणि दारातले सगळे कपलर जोडा, हात दारातून बाहेर काढा आणि काच वर-खाली करून बघा. एका दाबात पूर्ण बंद होणारी काच असेल तर तिला नव्याने सेट करावे लागते. अनेक गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर धरून ठेवतात, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. अडथळा आल्यावर काच मागे फिरते का, हे गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने तपासा, हाताने कधीही नाही. ही तपासणी होईपर्यंत मुलांना त्या दाराजवळ बसवू नका.

डाव्या आणि उजव्या दाराची मोटर सहसा वेगळी असते. खरेदीला येताना जुनी मोटर सोबत आणा.