कंटेनरमधील गेम सर्व्हर

बहुखेळाडू ऑनलाइन खेळाचा सर्व्हर, त्याला लागणाऱ्या लायब्ररींसह एका इमेजमध्ये (सर्व फायलींच्या तयार साच्यात) बांधून, यंत्रावरील इतर प्रक्रियांपासून विलग ठेवून चालवण्याची पद्धत. आभासी यंत्रात स्वतंत्र कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) असतो. कंटेनर यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो.

कंटेनरचा उगम कोठे धरावा याविषयी एकवाक्यता नाही. अनेक लेखक युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) सीएचरूट या सोयीपासून सुरुवात करतात. मात्र सीएचरूट प्रक्रियेची मूळ निर्देशिका तेवढी बदलते. प्रक्रियांची यादी, नेटवर्क आणि वापरकर्ते सामाईकच राहतात. या साऱ्यांची विलगता फ्रीबीएसडी या युनिक्सवंशी कार्यप्रणालीच्या जेल या सोयीत (२०००) एकत्र आली, म्हणून उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लिनक्समध्ये प्रक्रियेला यंत्राचे वेगळे दृश्य देणारे नेमस्पेस २००२ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि प्रोसेसर, स्मृती अशा साधनांवर मर्यादा घालणारे सीग्रुप २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत दाखल झाले. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीने (२०१३) इमेज बांधणे व वाटणे सोपे केले. गेम सर्व्हरसाठी ही पद्धत साधारणतः त्यानंतर रूढ झाली असावी.

कंटेनर केव्हाही काढून नवा उभा करता यावा अशी अपेक्षा असते, पण खेळाचे जग टिकले पाहिजे. म्हणून ते कंटेनरबाहेरील व्हॉल्यूममध्ये (टिकाऊ साठ्यात) ठेवतात. तेवढ्याने भागत नाही. सर्व्हर बहुधा शेल स्क्रिप्टमधून सुरू होतो आणि कंटेनरमधील प्रक्रिया क्रमांक १ हा मान शेलकडे जातो. थांबण्याचा सिग्नल शेलला मिळतो, तो सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. डॉकर सामान्यतः १० सेकंद वाट पाहून प्रक्रिया सक्तीने मारतो आणि शेवटच्या जतनानंतरचे सारे बांधकाम नाहीसे होते. खेळाडूंचे कष्ट त्यात असतात, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये. स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झेक' (शेलच्या जागी दुसरा प्रोग्राम बसवणारी आज्ञा) वापरून सर्व्हरलाच क्रमांक १ वर आणणे आणि थांबण्याची मुदत वाढवणे, हा रूढ उपाय.

प्रोसेसरची मर्यादा हा दुसरा नाजूक भाग. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळाचे जग पुढे नेणारे टप्पे) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. सीग्रुपचा कोटा (प्रोसेसरचा मंजूर वेळ) मात्र सहसा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला जातो. प्रोसेसरच्या एका कोअरइतका (गणन-एककाइतका) कोटा असताना सर्व्हरचे चार थ्रेड (समांतर चालणारे कार्यप्रवाह) एकदम धावले, तर तो २५ मिलिसेकंदांतच संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळा सर्व्हर गोठतो. एक टिक तरी हुकतोच. प्रोसेसरचा सरासरी वापर कमी दिसत असताना खेळ अडखळतो, तो बरेचदा यामुळे. त्यामुळे कोटा लावण्यापेक्षा ठरावीक कोअर राखून देणे श्रेयस्कर.

पोर्ट (नेटवर्कवरील क्रमांकित प्रवेशद्वार) उघडताना प्रोटोकॉल, म्हणजे संदेश पाठवण्याची पद्धत, पाहावा लागतो : माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे २५५६५ हे पोर्ट टीसीपी, तर व्हॅलहाइम या खेळाचे २४५६ यूडीपी आहे. डॉकर न सांगितल्यास टीसीपी गृहीत धरतो. मग सर्व्हर चालू दिसतो, पण कोणालाच आत येता येत नाही. अनेक सर्व्हरांच्या व्यवस्थापनासाठी कुबरनेटीस या अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीवर आधारित अगोनेस (२०१८) हा मुक्त प्रकल्प गूगल व युबिसॉफ्ट यांनी सुरू केला.