विमान नवं बांधाल हो, पण इंजिन कुठून आणाल?

अनलिमिटेड एअर रेसिंग म्हणजे जमिनीलगत, उंच खांबांभोवती फेऱ्या मारत विमानांची शर्यत, आणि तिच्या मूळ नियमात फार काही नाही. इंजिन पिस्टनचं पाहिजे आणि विमान पंख्यानं चाललं पाहिजे, जेट चालणार नाही. बाकी इंजिन किती लिटरचं, त्यात काय ओतता, पंखांची टोकं किती कापता, ते तुमचं तुम्ही बघा. (पुढं वजनाची अट आली, रिकामं विमान ४,५०० पौंडाच्या, म्हणजे साधारण २,०४० किलोच्या वर पाहिजे.) आता एवढं मोकळं रान मिळाल्यावर कुणालाही वाटेल की लोक दरवर्षी नवनवीन भन्नाट विमानं बांधून आणत असणार. पण अमेरिकेत नेवाडातल्या रेनोला १९६४ पासून २०२३ पर्यंत ही शर्यत व्हायची आणि तिथं गोल्ड रेस, म्हणजे मुख्य फायनल, जिंकणारी विमानं कोणती, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली फायटर. मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी, कॉर्सेअर. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाची यंत्रं. कोऱ्या कागदावरून डिझाइन केलेलं विमान तिथं गोल्ड कधीच जिंकलं नाही.

का, ते समजून घ्यायला आधी एक साधा हिशेब करू. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो रोध हटवायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. म्हणजे वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते, आणि ताकद डबल केली तरी वेग वाढतो फक्त २६ टक्के. युद्धातलं मस्टँग जमिनीलगत ताशी ६०० किमीच्या आसपास जायचं. २००३ साली डॅगो रेड नावाच्या मस्टँगनं रेनोला एका शर्यतीत सरासरी ८१६ किमीचा वेग गाठला, तेही वळणं घेत घेत. ६०० चे ८०० करायचे तर घनाच्या हिशेबानं ताकद जवळपास २.४ पट पाहिजे, मूळ इंजिन दीड हजार हॉर्सपॉवरच्या आसपासचं धरलं तर साडेतीन हजार. एवढे येत नाहीत, चांगल्या टीमला तीन हजाराच्या वर कुठंतरी मिळतात, आणि उरलेलं विमानाचा रोध कमी करून भागवायचं: पंखांची टोकं छाटायची, पत्र्याचे सांधे पुट्टी भरून घासून आरशासारखे करायचे, कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, एवढी बारीक करायची की पायलट आत कसाबसा मावला पाहिजे.

पंख छाटणं वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. पायलॉनभोवती, म्हणजे त्या खांबांभोवती, वळताना विमान आडवं होतं, अंगावर ४ जी येतो असं धरा, म्हणजे पंखांना वजनाच्या चौपट उचल द्यावी लागते आणि त्या उचलीपायी जो रोध येतो तो सोळापट होतो. पंख आखूड असेल तर हा भुर्दंड आणखी मोठा. सरळ रेषेत कमावलेलं वळणात गमवायचं, असा मामला. २२० मीटर प्रति सेकंद वेगानं ४ जी वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या पुढं जाते.

आता येऊ खऱ्या विषयाकडं, म्हणजे इंजिनाकडं, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. मस्टँगमधलं मर्लिन हे १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं व्ही इंजिन. एका सिलिंडरचा आवाका सव्वादोन लिटर, म्हणजे आपल्याकडच्या स्कॉर्पिओचं अख्खं इंजिन एकेका भांड्यात बसेल. त्याच्या मागच्या बाजूला सुपरचार्जर असतो, तो इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. युद्धकाळात टेकऑफला ६१ इंच पाऱ्याचा दाब द्यायचे, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट. रेसवाले १४० इंचाच्या आसपास जातात, साडेचार पटींहून जास्त! आणि ३,००० आरपीएमची मर्यादा असलेलं इंजिन ३,४०० किंवा त्याहून वर फिरवतात.

सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ते आठवा. इथं तोच प्रकार राक्षसी प्रमाणात होतो, आत जाणारी हवा एवढी तापते की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ज्योतीची वाट न बघता जागच्या जागी फुटतं. बाइकचं इंजिन नॉक करतं म्हणतो ना आपण, त्याचाच हा आजोबा, फक्त इथं टकटक ऐकू येईपर्यंत पिस्टनला भोक पडलेलं असतं. यावर उपाय म्हणजे पाणी आणि मेथनॉल निम्मं निम्मं मिसळून इंजिनात पेट्रोलसोबत फवारायचं. पाण्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणानं. १ किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, आणि तेच पाणी २० डिग्रीपासून १०० डिग्रीपर्यंत तापवायला फक्त ३३५ च्या आसपास. या जोरावर तर काही टीम मर्लिनचा मूळ आफ्टरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा भाग) काढूनच टाकतात.

आतल्या भागांची पण गंमत आहे, मर्लिनचे मूळचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टपर्यंत नेणारे दांडे) हा मार सोसत नाहीत म्हणून अमेरिकन ॲलिसन इंजिनाचे जाडजूड रॉड त्यात बसवतात. इंग्रजी शरीरात अमेरिकन हाडं.

मर्लिन पाण्यानं गार होतं; दुसरी जमात एअर-कूल्डवाल्यांची, म्हणजे हवेनं गार होणाऱ्या इंजिनांची. ते म्हणतात बारीक इंजिन पिळण्यापेक्षा मोठंच आणू. रेअर बेअर नावाच्या बेअरकॅटमध्ये राइट कंपनीचं आर-३३५० बसवलं, १८ सिलिंडर, ५५ लिटर, मूळ हे बी-२९ बॉम्बरचं इंजिन. लाइल शेल्टननं याच विमानातून १९८९ मध्ये ३ किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात ताशी ८५० किमीचा विक्रम केला. सी फ्युरीच्या ड्रेडनॉटमध्ये तर आर-४३६० आहे, २८ सिलिंडर, ७१ लिटर, एकामागं एक चार रांगा, दिसायला मक्याच्या कणसासारखं.

ताकद मिळाली तरी ती हवेला द्यायची कशी हा पुढचा घोळ. मस्टँगचा पंखा ३.४ मीटर व्यासाचा, मूळ गिअरनं इंजिनाच्या ०.४७९ पट फिरतो. ३,४०० आरपीएमला पात्याचं टोक गोल गोल २९० मीटर प्रति सेकंद जातं आणि शिवाय विमानाबरोबर पुढं २२० नं. दोन्ही मिळून ३६० च्या वर, म्हणजे टोक आवाजाच्या वेगापेक्षा जोरात चाललंय. अशावेळी पातं ढकलण्यापेक्षा आवाज करण्यातच ताकद घालवतं. म्हणून रेसवाले गिअर बदलून पंखा हळू फिरवतात.

आणि ही सगळी उष्णता टाकायची कुठं? मस्टँगच्या पोटाखाली रेडिएटरचं मोठं तोंड आहे, त्याचा रोध लागतो. मग काहींनी ते तोंडच बंद केलं आणि आत पाण्याची टाकी ठेवून इंजिनाची उष्णता त्यात सोडली. पाणी उकळतं, वाफ बाहेर फेकली जाते. शर्यत आठ-दहा मिनिटांची, तेवढं पाणी नेलं की झालं. परत माठच! मला तर हा प्रकार जाम आवडतो. या पाण्याच्या करामतींमागं पीट लॉ हे एक नाव सारखं येतं, लॉकहीडमधले इंजिनीअर.

आता नव्यानं बांधलेली विमानं. त्सुनामी हे मिनियापोलिसच्या जॉन सँडबर्गचं, डिझाइन ब्रूस बोलंडचं, हेही लॉकहीडवाले. १९८६ मध्ये पहिलं उड्डाण. कल्पना सरळ होती, मर्लिन तेच ठेवायचं आणि त्याच्याभोवती शक्य तितकं लहान, हलकं विमान बांधायचं, कारण मस्टँगला बंदुका, लांबच्या पल्ल्याचं पेट्रोल वगैरे नेण्यासाठी जे पोट दिलं होतं ते इथं कशाला? ते पहिल्या फळीत लढलं सुद्धा, पण त्यालाही जुन्या मर्लिनचेच सगळे आजार होते. १९९१ ला रेनोहून परतताना ते साउथ डाकोटात कोसळलं आणि सँडबर्ग गेले.

पाँड रेसरवाल्यांनी मात्र मुळावरच घाव घातला. बॉब पाँडला जुनी फायटर जपायची आवड, दरवर्षी शर्यतीत ती दुर्मिळ विमानं फुटतायत हे त्याला बघवेना. त्यानं बर्ट रुटानला सांगितलं की या म्हाताऱ्यांना हरवेल असं नवं विमान कर. १९९१ मध्ये ते उडालं, कार्बन फायबरचं, दोन बाजूला शेपटीपर्यंत गेलेले दोन लांब बूम, म्हणजे नळकांडी, मध्ये पायलट, दिसायला परग्रहावरचं. आणि इंजिनं? निसानची ३ लिटरची व्ही-६ टर्बो, कार रेसिंगमधून आणलेली, दोन. प्रत्येकी १,००० हॉर्सपॉवर धरले होते. म्हणजे लिटरला ३३३, जिथं पिळून काढलेलं मर्लिन सुद्धा लिटरला ११० च्या आसपास देतं.

इथंच गणित फसलं असं माझं मत. कारचं रेसिंग इंजिन सर्किटवर सतत फुल थ्रॉटलवर नसतं, प्रत्येक वळणाला ड्रायव्हर पाय काढतो, इंजिन श्वास घेतं. विमानात वळणावरच जास्त ताकद लागते (तो सोळापट रोध आठवा), म्हणजे सुटल्यापासून शेवटापर्यंत पाय खालीच. ती इंजिनं ठरलेल्या ताकदीच्या जवळपास सुद्धा नीट पोचली नाहीत, बिघाड तर चालूच राहिले. १९९३ मध्ये रेनोला पाँड रेसर कोसळलं, पायलट रिक ब्रिकर्ट त्यात गेला.

तिसरा रस्ता मधला. मिस अ‍ॅशली टू मध्ये मस्टँगसारखं शरीर, लिअरजेटचे पंख आणि ग्रिफन इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे. १९९९ मध्ये तेही रेनोला हवेतच तुटलं.

जुनं विमान बदललं तरी धोका टळत नाही म्हणा. २०११ चं गॅलपिंग घोस्ट हे मस्टँगच, पंख छाटलेलं, रेडिएटरचं तोंड काढून टाकलेलं. शेपटीवरच्या ट्रिम टॅबचे (विमानाचा तोल साधणारी छोटी हलती पट्टी) जुने नट सैल होते, टॅब थरथरू लागला, तुटला, विमान एवढ्या जोरात वर उसळलं की पायलटवर १७ जी च्या आसपास भार आला. पायलट आणि जमिनीवरचे १० जण मेले.

तर सांगायचा मुद्दा, सांगाडा आज कुणीही हुशार माणूस चांगला बनवेल, कॉम्प्युटर आहेत, कार्बन आहे. पण विमानासाठी तीन हजार हॉर्सपॉवरचं पिस्टन इंजिन जगात कुणीच नव्यानं बनवत नाही. १९४५ नंतर जेटचा जमाना आला आणि सरकारांनी अशा इंजिनांवरचा खर्च हळूहळू थांबवला. मर्लिनच्या मागं हजारो इंजिनीअरांची अनेक वर्षं आणि युद्धाचा पैसा आहे, ते एका श्रीमंत हौशी माणसाच्या खिशातून परत उभं राहत नाही. म्हणून जे शिल्लक आहे तेच उघडायचं आणि परत जोडायचं.

आणि ते फुटतंच. फुटलं की पायलट रेडिओवर मेडे (संकटाची हाक) ओरडतो आणि सगळ्यात आधी स्टिक मागं ओढून विमान वर नेतो. २२० मीटर प्रति सेकंद वेगाची उंचीत किंमत कागदावर जवळपास अडीच किलोमीटर होते. रोध आणि मेलेला पंखा त्यातलं बरंच खातात, थोडा वेग हातात पण ठेवावा लागतो, पण उरलेल्या उंचीत काचेवर पसरलेल्या तेलातून रनवे शोधायला वेळ मिळतो. मग विमान ओढत हँगरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच्या हीटसाठी, म्हणजे फायनलआधीच्या फेरीसाठी, रात्रभर दुसरं मर्लिन चढवायचं काम, ते टीमकडं असलंच तर.