लॅपटॉपची स्क्रीन: आधी रसायन, मग दिवा, आता वायर

लॅपटॉपची स्क्रीन किती वर्षं टिकते, याचं उत्तर पिढीगणिक बदलत गेलं आहे, कारण तिच्यातला आधी मान टाकणारा भागच बदलत गेला.

1888 साली फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे दोन वितळणबिंदू आढळले आणि द्रवस्फटिकांची (लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण रेणू स्फटिकासारखे रांगेत ठेवणारे पदार्थ) ओळख झाली. त्यांचा डिस्प्ले व्हायला 80 वर्षं गेली. 1968 मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने तो जगापुढे मांडला खरा, पण त्या काळची संयुगं ओलावा लागला की फुटायची. शिवाय डीसी, म्हणजे कायम एकाच दिशेचं, व्होल्टेज दिलं की आतल्या आत विघटन सुरू. (आजच्या पॅनलमध्येही व्होल्टेजची दिशा सारखी उलटसुलट करतात, ती यासाठीच.) हा गुंता सोडवला इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांनी. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सायनोबायफिनाइल संयुगं ओलाव्याला दाद देत नव्हती आणि खोलीच्या तापमानालाही काम करत होती. लॅपटॉपचा इतिहास सांगताना कंपन्यांचीच नावं निघतात; माझ्या मते पहिला मान ग्रे यांचा.

तोशिबाच्या 1985 च्या टी1100 या लॅपटॉपला एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांची स्क्रीन, होती, पण मागे दिवा नव्हता. उजेडाच्या बाजूला बसा आणि वाचा! पुढे बॅकलाइट आला आणि आयुष्याचं गणित रसायनाकडून दिव्याकडे गेलं. पॅनलच्या कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची, पाऱ्याची वाफ भरलेली ट्यूब असे. तिला शेकडो व्होल्ट पुरवायला वेगळा इन्व्हर्टर, म्हणजे लोडशेडिंगवाला नव्हे, बोटभर लांबीचं सर्किट. ट्यूब थकली की मशीन सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं गुलाबी-लालसर दिसायचा, आणि इन्व्हर्टर गेला की एकदम काळोख. अशा वेळी काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघायचं: आत पुसट चित्र दिसलं तर पॅनल जिवंत, बिघाड उजेडाचा. ही युक्ती आजही चालते.

‘आयुष्य 15,000 तास’ असं लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थ त्यानंतर दिवा बंद पडेल असा नव्हता. तेवढ्या वेळात प्रकाश मूळच्या निम्म्यावर येईल, एवढंच. रोज आठ तास धरले तर पाच वर्षं.

सोनीने 2005 मध्ये वायो टीएक्समध्ये ट्यूबच्या जागी एलईडी लावले, ॲपलने 2007 मध्ये मॅकबुक प्रोमध्ये. पारा गेला, इन्व्हर्टर गेला. एलईडीही मंदावतात, आणि ब्राइटनेस कायम शंभरावर ठेवला किंवा मशीन तापत राहिलं तर लवकर मंदावतात. पण बहुतेक लॅपटॉप त्याआधी दुसऱ्याच कारणाने आजारी पडतात: बिजागरी आणि तिच्यातून जाणारी केबल. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की पॅनलला पीळ बसतो. कीबोर्डवर पेन राहिलं आणि झाकण मिटलं की काच गेलीच. 2016 च्या मॅकबुक प्रोमध्ये बॅकलाइटची पातळ पट्टीकेबल उघडझाप करून झिजायची आणि पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसायचे. 2019 मध्ये ॲपलने 13 इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. त्याआधीच, 2018 च्या मॉडेलमध्ये, केबल लांब झाली होती, सुमारे दोन मिलिमीटरने.

आता ओएलईडी स्क्रीनमुळे प्रश्न पुन्हा रसायनाकडे वळतोय. 1987 मध्ये कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी मांडलेल्या या तंत्रात मागे दिवाच नसतो, सेंद्रिय संयुगांचा प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः उजळतो आणि स्वतःच झिजतो. त्यातही निळा सर्वांत आधी. टास्कबारसारखी न हलणारी पट्टी महिनोन्‌महिने एकाच जागी राहिली तर तिची सावली उमटू शकते. म्हणून असा लॅपटॉप घेतलाच असेल तर टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग करा, डार्क मोड वापरा आणि स्क्रीन दोन-तीन मिनिटांत बंद होऊ द्या.