जेटिंग (मोटरसायकल कार्ब्युरेटर)

कार्ब म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर; त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी), नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई) आणि स्लाइड (मूठ पिळली की वर उचलला जाणारा हवेचा पडदा) इंजिनाला जुळवून घेणं म्हणजे जेटिंग. ही नोंद मुख्यतः जुन्या बुलेट ३५० वरच्या मिककार्ब व्हीएम-२४ या कार्बबद्दल आहे.

पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या जेटचा शोध कोणाचा यावर वाद आहे, जर्मन लोक विल्हेल्म मायबाखचं नाव घेतात आणि हंगेरियन लोक बांकी-चोंका या जोडीचं, साल दोन्हीकडे १८९३ च, पण हंगेरियन पेटंट काही महिने आधीचं धरतात त्यामुळे पारडं थोडं तिकडे झुकतं, अर्थात दोघांनाही स्वतंत्रपणे सुचलं असण्याची शक्यता जास्त. मोटरसायकलचं घराणं मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे: १९२७ च्या सुमारास अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या कार्ब बनवणाऱ्या कंपन्या मिळून ब्रिटनमध्ये ॲमल झाली आणि पुढे जपानच्या मिकुनीने ॲमलचं लायसन्स घेतलं.

रेस दिल्यावर गाडी गुदमरते किंवा पिकअप घेत नाही म्हटलं की लोक आधी मेन जेट बदलायला धावतात, पण मेन जेटचं काम साधारण पाऊण थ्रॉटलनंतरचं (थ्रॉटल म्हणजे मूठ किती पिळली ते). बंद ते १/८ पर्यंत पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) आणि हवेचा स्क्रू, १/८ ते १/४ स्लाइडचा कटअवे (खालच्या कडेचा काप), त्यापुढे नीडल, आणि हे टप्पे एकमेकांत मिसळतात. मूठ झटक्यात पिळली तर चटकन उचलणं बरंचसं पायलट आणि कटअवेवर ठरतं. कटअवेचा नंबर वाढला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी), पण ॲमलचा नंबर इंचाच्या सोळाव्या भागात आणि मिकुनीचा मिलिमीटरमध्ये, म्हणून एकाचा ३ दुसऱ्याचा ३ नव्हे. व्हीएमचा स्क्रू हवेच्या बाजूला आहे, आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त). नीडलचा लॉक एक खाच खाली सरकवला की नीडल वर येते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. प्लग कॉफी रंगाचा हवा; काळी काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन.

उंचीवर हवा विरळ, म्हणून मुंबईत बरोबर बसलेली गाडी महाबळेश्वरला (सुमारे १३५० मीटर) जरा रिच चालते, लेहला तर जास्तच. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चं उलटं आहे, शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ च्या आसपास, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं लीन पडतं आणि अशा वेळी पायलट एक नंबर मोठा टाकून बघतात.