अल ब्लोझिस : दोन हंगाम, एक रजा आणि एक रणांगण

न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने 32 क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली आहे. ज्या खेळाडूच्या सन्मानार्थ ती राखून ठेवली गेली, तो अल ब्लोझिस या संघाकडून जेमतेम दोन पूर्ण हंगाम खेळला आणि तिसऱ्या हंगामात सैन्यातून रजेवर आला असताना तेवढ्यापुरता मैदानात उतरला. असा मान बहुधा दहा-बारा वर्षे एका संघासाठी खपलेल्या खेळाडूंच्या वाट्याला येतो. ब्लोझिसला तो का मिळाला हे समजून घ्यायचे, तर त्याच्या खेळाबरोबरच त्या काळातील व्यावसायिक फुटबॉलची आणि अमेरिकी सैन्यभरतीची स्थितीही पाहावी लागते.

7 डिसेंबर 1941 हा रविवार होता. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी अमेरिकेत पोहोचली, तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचा सामना चालू होता. जायंट्सच्या त्या संघात टेक्सासचा जॅक लमस हा नवखा खेळाडू होता. हंगाम संपताच, जानेवारी 1942 मध्ये तो मरीन दलात दाखल झाला आणि 8 मार्च 1945 रोजी इवो जिमा बेटावरील लढाईत त्याला मृत्यू आला. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान देण्यात आला. त्याची कारकीर्द तर एकाच हंगामाची ठरली. 1942 मध्ये लमस सैन्यात गेला आणि त्याच वर्षी ब्लोझिस जायंट्समध्ये आला, त्यामुळे हे दोघे एकमेकांचे सहकारी कधी झाले नाहीत.

युद्ध पेटल्यावर नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक लीगमधून खेळाडू भराभर बाहेर पडू लागले. लीगशी संबंधित सुमारे हजार जणांनी युद्धकाळात सैन्यात सेवा केली, आणि त्यांतील बहुसंख्य खेळाडूच होते. 1943 मध्ये प्रत्येक संघातील खेळाडूंची मर्यादा 33 वरून 28 वर आणावी लागली. क्लीव्हलँड रॅम्सचे दोन्ही मालक सैन्यात असल्यामुळे त्या संघाने तो हंगामच सोडून दिला, तर फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स हे दोन संघ एक होऊन खेळले. दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, पोटाचे विकार अशा कारणांनी सैन्याने नाकारलेले तरुण आणि भरतीच्या वयापलीकडे गेलेले जुने खेळाडू यांच्यावर खेळाची भिस्त होती. खुद्द जायंट्समध्ये मेल हाइन हा आघाडीच्या फळीच्या मध्यभागाचा आधारस्तंभ आठवडाभर स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात काम करी आणि रविवारी सामन्यासाठी न्यूयॉर्कला येई. 1944 मध्ये अडतिशीतील केन स्ट्राँगला किक मारण्यासाठी परत बोलावले गेले, आणि ग्रीन बे पॅकर्सचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, आर्नी हर्बर निवृत्ती सोडून जायंट्सकडून उतरला.

अशा संघात ब्लोझिस उठून दिसला यात नवल नाही. पण तो केवळ दुबळ्या काळातला मोठा खेळाडू होता, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. 5 जानेवारी 1919 रोजी न्यू जर्सीतील गारफील्ड येथे एका लिथुआनियन कुटुंबात त्याचा जन्म झाला. उंची 6 फूट 6 इंच, वजन सुमारे 250 पौंड, आणि तरीही पायांना वेग, ही सांगड त्या काळी विरळाच होती. जॉर्जटाउन विद्यापीठात असताना तो देशातील पहिल्या क्रमांकाचा गोळाफेकपटू होता. 1940 ते 1942 अशी सलग तीन वर्षे त्याने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि बंदिस्त सभागृहातील स्पर्धांत 16 पौंडांचा गोळा 57 फुटांपलीकडे टाकून विक्रम केला. वृत्तपत्रे त्याला ‘मानवी तोफ’ म्हणू लागली. ऐन उमेदीत त्याला ऑलिंपिक मात्र मिळाले नाही, कारण 1940 आणि 1944 ही दोन्ही ऑलिंपिके युद्धामुळे रद्द झाली. त्याच्या कारकिर्दीवर युद्धाचे सावट पडले ते इथूनच, फुटबॉलच्याही आधीपासून.

लीगचे संघ महाविद्यालयीन खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात; 1942 च्या त्या निवडीत जायंट्सने पाचव्या फेरीत त्याला घेतले. तो टॅकल होता. चेंडू कधी हातात न घेता समोरच्या गड्याला रोखायचे, रेटायचे आणि आपल्या धावपटूसाठी वाट मोकळी करायची, हे टॅकलचे काम. त्या काळात तोच खेळाडू बचावालाही उभा राही. या कामाची आकडेवारी राहत नाही, त्यामुळे ब्लोझिसचे मोठेपण गुणांच्या तक्त्यात सापडत नाही. ते सोबत खेळलेल्यांच्या साक्षीत आणि लीगमधील 1943 च्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात झालेल्या त्याच्या निवडीत सापडते. या हंगामात जायंट्सचे चढउतार विलक्षण होते. 7 नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्धचा सामना 0-0 असा सुटला, आणि लीगच्या इतिहासात त्यानंतर एकही सामना गुणांविना सुटलेला नाही. पुढच्याच रविवारी शिकागो बेअर्सने त्यांचा 56-7 असा धुव्वा उडवला.

ब्लोझिसच्या कहाणीतला कळीचा मुद्दा हा की त्याला युद्धावर जाण्याची गरजच नव्हती. सैनिकाच्या उंचीला नियमांत मर्यादा होती आणि तो तिच्या काठावर होता, त्यामुळे सुरुवातीला त्याला नाकारण्यात आले. हे कारण पुढे करून तो सन्मानाने खेळत राहू शकला असता. अनेक खेळाडू रास्त कारणांनी तसे राहिलेही. त्याने मात्र पाठपुरावा सोडला नाही आणि डिसेंबर 1943 मध्ये तो सैन्यात दाखल झाला. तिथेही आधी त्याला शारीरिक शिक्षणाचे, म्हणजे मागच्या फळीतले सुरक्षित काम मिळाले. ते नको म्हणून त्याने पायदळाची मागणी लावून धरली आणि जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेतले. तिथे त्याने हातबॉम्ब सुमारे 95 यार्ड लांब फेकला, आणि तो सैन्यातील विक्रम मानला गेला. गोळाफेकीत कमावलेला खांदा इथे कामी आला.

1944 मध्ये जायंट्सने आठ विजय, एक पराभव आणि एक बरोबरी अशी कामगिरी करून अंतिम सामना गाठला. 17 डिसेंबर 1944 रोजी पोलो ग्राउंड्सवर 46,000 प्रेक्षकांसमोर, रजेवर आलेला ब्लोझिस त्या सामन्यात खेळला. टेड फ्रिट्शने दोनदा केलेल्या टचडाउनच्या, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याच्या, बळावर ग्रीन बेने 14-7 असा विजय मिळवला.

त्याच्या आदल्याच दिवशी, 16 डिसेंबरला, जर्मन सैन्याने बेल्जियम-लक्झेंबर्गमधील आर्डेन्सच्या जंगली डोंगराळ भागात अचानक मोठा हल्ला चढवला होता. त्याच्या मुख्य मार्गात अमेरिकेची 28 वी पायदळ डिव्हिजन सापडली. नोव्हेंबरमध्ये ह्युर्टगेनच्या जंगलात अतोनात हानी सोसून ही डिव्हिजन लक्झेंबर्गच्या शांत समजल्या जाणाऱ्या भागात विश्रांतीला आली होती. तिच्या 110 व्या रेजिमेंटने बेल्जियममधील बास्तोन गावाकडे जाणाऱ्या वाटेवर शत्रूला मोलाचे दोन-तीन दिवस रोखून धरले, पण त्यात ती रेजिमेंट जवळजवळ नष्ट झाली. ती पुन्हा उभी करण्यासाठी नव्या सैनिकांची आणि विशेषतः कनिष्ठ अधिकाऱ्यांची तातडीने गरज होती. सेकंड लेफ्टनंट ब्लोझिस याच रेजिमेंटमध्ये दाखल झाला. पोलो ग्राउंड्सवर तो खेळत होता त्याच वेळी तिकडे ही रेजिमेंट कापली जात होती, हा योगायोग नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

जानेवारीत 28 वी डिव्हिजन फ्रान्समधील अल्सास प्रांतात, कोलमारच्या आघाडीवर हलवण्यात आली. 31 जानेवारी 1945 रोजी व्होझ पर्वतराजीत गस्तीवर गेलेले ब्लोझिसच्या पलटणीतील एक सार्जंट आणि एक सैनिक परतले नाहीत. त्यांना शोधायला तो बर्फात एकटाच निघाला, आणि तोही परतला नाही. आघाडीवर येऊन त्याला फार दिवस झालेले नव्हते. वय 26 होते. दोन दिवसांनी कोलमार मुक्त झाले. सैन्याने आधी त्याला बेपत्ता घोषित केले होते; मृत्यूवर शिक्कामोर्तब झाले ते एप्रिलमध्ये. फ्रान्समधील सेंट आव्होल्ड येथील अमेरिकी युद्धस्मशानभूमीत त्याचे दफन झालेले आहे.

1986 मध्ये त्याला महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानदालनात, स्थान मिळाले आणि व्यावसायिक लीगने 1940 च्या दशकाच्या सर्वोत्तम संघातही त्याला निवडले. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही, कारण तो सन्मान दीर्घ कारकिर्दीवर बेतलेला आहे आणि ब्लोझिसची कारकीर्द त्या मापाने मोजताच येत नाही. पण त्याच हॉलच्या 1963 च्या पहिल्या तुकडीत समाविष्ट झालेल्या मेल हाइनचे मत होते की ब्लोझिस जगला असता, तर तो फुटबॉलमधला आजवरचा सर्वश्रेष्ठ टॅकल ठरू शकला असता. रविवारमागून रविवार त्याच्या शेजारी उभे राहून खेळलेल्या माणसाचे हे मत आहे.