विष पचवणारे गुलाबी जिवाणू

विषारी दारूची बातमी आली की ‘मिथेनॉल’ हा शब्द दोन दिवस पेपरात झळकतो. 2015 साली मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली तेव्हाही झळकला होता. खरं तर मारतं ते मिथेनॉल नव्हे. आपलं यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल शरीराला भराभर निस्तरता येत नाही. ते साचत जातं आणि माणूस आंधळा होतो, दगावतोही.

याच मिथेनॉलवर पोसलेले जिवाणू तुमच्या तुळशीवरही असतील: मिथिलोबॅक्टेरियम. पान वाढताना पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनमधून मिथेनॉल सुटतं आणि पर्णरंध्रांवाटे बाहेर पडतं. (तुळस ओझोन सोडते ही व्हॉट्सॲपवरची थाप. मिथेनॉलचं कौतुक मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.) प्रयोगशाळेत आम्ही जास्वंदीचं पान आगरच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) बशीवर दाबून उचललं होतं, आगरात क्षार आणि मिथेनॉल, बाकी काही नाही. आठवड्याभरात गुलाबी ठिपक्यांनी पानाचा आकार उमटला, शिरांसकट.

आता गंमत बघा. ग्लुकोज या साखरेत सहा कार्बन आधीच जोडलेले असतात, मिथेनॉलमध्ये एकच. साखळी जिवाणूलाच गुंफावी लागते. पहिल्या पायऱ्या आपल्या यकृतासारख्याच, पण फॉर्मल्डिहाइड तयार होताच एक वाहक रेणू ते धरतो आणि त्याचं फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचंच रूप) होतं. काही फॉर्मेट ऊर्जेसाठी जळतं. उरलेला कार्बन फोलेट या ब-जीवनसत्त्वाच्या पाठीवर बसून ग्लायसीन या दोन कार्बनच्या अमिनो आम्लापाशी येतो. दोन अधिक एक, तीन कार्बनचं सेरीन. पुढे त्यात कार्बन डायऑक्साइडचा एक कार्बन मिळून चार कार्बनचं मॅलेट होतं आणि त्याचे दोन-दोनचे तुकडे पडतात. एक तुकडा ॲसिटिल-कोए, म्हणजे वाढीचा कच्चा माल. दुसरा ग्लायऑक्सिलेट; त्याचं पुन्हा ग्लायसीन, आणि चक्र चालू.

पण वाढीसाठी जिवाणू चक्रातूनच तीन-चार कार्बनचे रेणू काढून घेतो. मग ग्लायसीन कमी पडायला हवं. ॲसिटिल-कोएपासून ग्लायऑक्सिलेट बनवण्याची जी वाट इतर जिवाणूंत सापडते, तिचं मुख्य विकर (एन्झाइम) याच्याकडे नाही. हे कोडं कित्येक दशकं सुटेना. 2007 मध्ये ऱ्होडोबॅक्टर या भलत्याच जिवाणूत त्या विकराशिवायच ॲसिटिल-कोएपासून ग्लायऑक्सिलेट बनवणारी इथिलमॅलोनिल-कोएची आडवाट उलगडली, आणि 2009 मध्ये आपल्या गुलाबी पाहुण्यातही कार्बन त्याच वाटेने जाताना दिसला.