सहा किलोमीटरचा आग्रह : ५जीआय मानकाचा प्रवास

मोबाइलचे नवे तंत्र मंजूर करण्यापूर्वी ते संगणकावर एका काल्पनिक भूभागात चालवून पाहिले जाते. मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे समान षट्कोनांत विभागलेल्या या भूभागात ठरावीक अंतराने मनोरे उभे केलेले असतात, त्यांच्याभोवती ग्राहक विखुरलेले असतात, आणि त्यांतील किती जणांना किती वेगाने माहिती मिळते याची मोजदाद होते. ग्रामीण चाचणीसाठी दोन मनोऱ्यांतील अंतर १७३२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. आकडा विचित्र वाटला तरी त्यामागे साधी भूमिती आहे. १००० ला तीनच्या वर्गमुळाने गुणले की १७३२ मिळतात, आणि एवढे अंतर ठेवले की कोणताही ग्राहक त्याच्या जवळच्या मनोऱ्यापासून एक किलोमीटरहून दूर राहत नाही.

भारतातल्या खेड्यांना हा हिशेब लागू पडत नाही. आपल्याकडे ऑप्टिकल फायबर पोहोचवण्याची सरकारी योजना ग्रामपंचायत हे केंद्र मानून आखलेली आहे. त्यामुळे मनोरा तिथेच उभारणे सोयीचे असते, पण त्या पंचायतीच्या वाड्या-वस्त्या चहूकडे काही किलोमीटर पसरलेल्या असतात. मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील विरळ वस्तीत दर पावणेदोन किलोमीटरवर मनोरा उभारणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. म्हणून भारतीय अभियंत्यांचे म्हणणे होते की ग्रामीण चाचणीत मनोऱ्यांमधले अंतर ६ किलोमीटर धरावे. तसे केले की सर्वांत दूरचा ग्राहक मनोऱ्यापासून जवळजवळ साडेतीन किलोमीटरवर जातो आणि प्रत्येक मनोऱ्याच्या वाट्याला येणारे क्षेत्र बारापट होते. याच आग्रहातून पुढे ५जीआय हे भारताचे ५जी मानक घडले.

ही मागणी कुठे मांडायची, हे कळण्यासाठी मानके घडवणाऱ्या दोन व्यासपीठांतील कामाची वाटणी पाहावी लागते. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, स्वतः तंत्र तयार करत नाही. नव्या पिढीने काय साध्य करावे आणि ते कसे तपासावे, एवढेच तो ठरवतो. ५जीच्या बाबतीत मनोऱ्याकडून ग्राहकाकडे सेकंदाला कमाल २० गिगाबिट वेग आणि एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे अशा अपेक्षा त्याने २०१७ मध्ये निश्चित केल्या. त्या पूर्ण करणारे तंत्र प्रत्यक्ष लिहून काढण्याचे काम मुख्यतः थ्रीजीपीपी ही संघटना करते. १९९८ साली स्थापन झालेल्या या संघटनेत आज युरोप, अमेरिका, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत यांच्या सात मानक संस्था भागीदार आहेत. भारताकडून २०१४ साली सुरू झालेली टेलिकम्युनिकेशन्स स्टँडर्ड्स डेव्हलपमेंट सोसायटी, म्हणजे टीएसडीएसआय, तिथे बसते.

थ्रीजीपीपीच्या बैठकीत निर्णय शक्यतो सहमतीने होतो. तांत्रिक प्रश्नावर मतदान घ्यावेच लागले तर प्रस्तावाला ७१ टक्के मते मिळवावी लागतात, पण ती वेळ येऊ न देण्याकडेच अध्यक्षांचा कल असतो. प्रत्येक कंपनी आपले प्रस्ताव आणि संगणकीय चाचण्यांचे निकाल लेखी मांडते, आणि ज्या आकड्यावर एकमत होत नाही तो मसुद्यात चौकटी कंसात ठेवून पुढच्या बैठकीकडे ढकलला जातो. मानक पुढे सरकते म्हणजे व्यवहारात हे कंस एकेक करून गळून पडतात. प्रत्येक कंसामागे कुणाचे तरी पेटंट, कुणाची तरी तयार चिप आणि कुणाचे तरी अनेक वर्षांचे संशोधन उभे असते, त्यामुळे हा वाद केवळ गणिताचा राहत नाही. २०१६ च्या अखेरीस लिस्बन आणि रेनो येथील बैठकांत चूक-दुरुस्तीच्या संकेतांवरून, म्हणजे वाटेत बिघडलेले बिट ओळखून सुधारणाऱ्या कोडांवरून, अशीच मोठी चुरस झाली. माहिती वाहून नेण्यासाठी एलडीपीसी संकेत आणि नियंत्रणाच्या संदेशांसाठी पोलर संकेत अशी वाटणी तिथे करण्यात आली. गंमत अशी की एलडीपीसीचे जनक रॉबर्ट गॅलगर हे पोलर संकेतांचे जनक एर्दाल आरिकान यांचे पीएचडीचे मार्गदर्शक होते.

सहा किलोमीटरचा आग्रह भारताने थ्रीजीपीपीऐवजी आधी आयटीयूमध्ये, म्हणजे जिथे तपासणीचे नियम ठरत होते तिथेच मांडला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची चाल तीच होती. मोठे क्षेत्र आणि संथ हालचाल, म्हणजे फार तर ताशी ३० किलोमीटर, अशी ही ग्रामीण चाचणी २०१७ मध्ये ५जीच्या अनिवार्य कसोट्यांत समाविष्ट झाली. त्यानंतर जगातील कोणत्याही प्रस्तावाला ती टाळून पुढे जाणे शक्य राहिले नाही.

या चाचणीत खरी अडचण येते ती ग्राहकाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींची. मनोरा दहा-वीस वॉट किंवा त्याहून अधिक शक्तीने बोलू शकतो, फोनची शक्ती मात्र साधारणपणे ०.२ वॉट असते. ती वाढवायची तर फोनमधील प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, आड येतो. ४जी-५जीच्या संदेशात अनेक लहरी एकत्र मिसळलेल्या असतात आणि त्यांची बेरीज मधूनच उसळी घेते. या उसळ्या विकृत होऊ नयेत म्हणून प्रवर्धक त्याच्या कमाल क्षमतेच्या बराच खाली चालवावा लागतो. आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि चेन्नईतील सेविट या संस्थांतील संशोधकांनी त्यावर पाय-बाय-टू बीपीएसके या पद्धतीचा आधार घेतला. तिच्यात प्रत्येक चिन्हासोबत, म्हणजे लहरीच्या प्रत्येक तुकड्यासोबत, एकच बिट जातो आणि दर पावलाला लहरीची कला, म्हणजे फेज, ९० अंशांनी फिरवली जाते, त्यामुळे लहर शून्यातून जात नाही. योग्य गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून वर्णपटाला आकार दिला की लहरीची उंची जवळजवळ स्थिर राहते आणि तोच प्रवर्धक ०.४ वॉटपर्यंत नेता येतो.

शक्ती दुप्पट झाली म्हणून अंतर दुप्पट होत नाही. लहरी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतात असे धरले तर पल्ला सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. मात्र त्यामुळे व्यापले जाणारे क्षेत्र चाळीसेक टक्क्यांनी वाढते, आणि गावाच्या कडेवरच्या वस्तीसाठी तोच फरक निर्णायक ठरू शकतो. एका चिन्हात एकच बिट म्हणजे वेग कमी, ही किंमत तिथे मान्य करण्यासारखी आहे.

ही पद्धत थ्रीजीपीपीच्या पहिल्या ५जी आवृत्तीतही होती, पण भारतीय संशोधकांना हवी तशी ती नव्हती. म्हणून टीएसडीएसआयने थ्रीजीपीपीच्याच पायावर आपले बदल घालून ५जीआय हे स्वतंत्र तंत्र आयटीयूपुढे ठेवले. स्वतंत्र मूल्यमापन गटांनी ते तपासले, नोव्हेंबर २०२० मध्ये आयटीयूच्या संबंधित अभ्यासगटाने ते मान्य केले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ५जीच्या जागतिक शिफारशीत थ्रीजीपीपीच्या दोन तंत्रांबरोबर त्याचे नाव आले.

इथपर्यंत अभिमान वाटावा असेच सारे होते. पण मान्यता मिळाली म्हणून बाजार मिळत नाही. थ्रीजीपीपीच्या ५जीसाठी चिप, फोन आणि मनोऱ्यांची उपकरणे जगभर तयार होत होती, तर ५जीआयसाठी सारे वेगळे बनवावे लागले असते. देशातील मोबाइल कंपन्यांनीच वाढीव खर्च आणि परदेशी जाळ्यांशी विसंगती हे मुद्दे पुढे करून विरोध केला, आणि तो विरोध अवाजवी म्हणता येणार नाही. एका देशापुरता फोन महागच पडतो, आणि या मानकाचा लाभ तर ज्यांना महाग फोन परवडत नाही त्यांनाच व्हायचा होता. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ५जीआय थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्यावर सहमती झाली.

काहींनी याला माघार म्हटले. मला तसे वाटत नाही, कारण स्वतंत्र नाव गेले तरी सहा किलोमीटरची कसोटी नियमांत राहिली. शंका वेगळीच आहे. मानकात लिहिलेली प्रत्येक क्षमता फोनमध्ये असतेच असे नाही. अनेक क्षमता ऐच्छिक असतात आणि त्या घालायच्या की नाही हे चिप बनवणारी कंपनी मागणी पाहून ठरवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झाले तेव्हा ते आधी शहरांत आले, जिथे मनोरे दाट असतात आणि या पद्धतीची फारशी गरज पडत नाही. दरम्यान ६जीचा आराखडा आयटीयूने २०२३ मध्ये मंजूर केला असून, सर्वत्र पोहोचणारी जोडणी हा त्यातील सहा मुख्य वापरांपैकी एक आहे. त्या वापराची चाचणी कशी घ्यायची, यासाठीचे आकडे आता आयटीयूच्याच कार्यगटांच्या मेजावर येत आहेत.